वडिलांची सोबत

आई-वडिलांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक ठरलेली यादी उभी राहते. त्यांचे ऐकावे, त्यांच्यापुढे आवाज चढवू नये, म्हातारपणी त्यांचे औषधपाणी पाहावे, त्यांच्या पश्चात त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करावी. ही यादी खरीच आहे. जुम्याच्या खुतब्यांतून, इज्तिमांतून आणि मासिकांच्या पानांतून ती तुम्ही अनेकदा वाचली-ऐकली असेल. आज मला त्या यादीत सहसा न येणाऱ्या एका गोष्टीविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. प्रश्न साधा दिसतो. कमावता, मुलाबाळांचा धनी झालेला मुलगा आपल्या वडिलांना घेऊन दोन दिवस समुद्रकिनारी जाऊन राहिला. कोणाचे लग्न नाही, दवाखाना नाही, जमिनीचे काम नाही. तर त्या दोन दिवसांना दीनच्या दृष्टीने काही किंमत आहे काय? की ती केवळ हौस आणि वरून खर्च?

हा प्रश्न माझ्यापुढे एका तरुणाने ठेवला. आमची मशीद चिपळूण तालुक्यात वाशिष्ठीच्या खाडीकाठी आहे. या भागातील कितीतरी घरे आखाती देशांतल्या पगारावर उभी राहिली, हे तुम्हांला सांगायला नको. हा तरुण चौतीस वर्षांचा, मुंबईत नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या व त्याच्या वडिलांच्या परवानगीने, नाव न सांगता लिहितो आहे. सुटीत गावी आलेला असताना तो एकदा असरच्या नमाजनंतर थांबला आणि म्हणाला, "मौलाना, अब्बांचा घरखर्च, औषधे, सगळे मी पाहतो. आजवर त्यांना उलट शब्द बोललो नाही. तरी अम्मी म्हणते, त्यांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जाऊन ये. आम्ही दोघांनी जाऊन करायचे काय? आमच्यात बोलणेच नसते. त्यापेक्षा तेवढे पैसे अब्बांच्या नावाने एखाद्या मदरशाला दिले, तर सवाब जास्त नाही का मिळणार?"

मी स्वतः मदरशातून शिकून आलेला माणूस. त्यामुळे शेवटच्या वाक्याने माझी थोडी पंचाईत झाली, हे कबूल केले पाहिजे. मदरशाला देणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु त्या तरुणाच्या बोलण्यात एक गृहीतक दडलेले होते, आणि ते आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. त्याच्या लेखी वडिलांचा हक्क म्हणजे देणे. देण्याचा स्वभाव असा की ते फिटते, ते कोणाच्याही हस्ते पाठवता येते आणि एकदा पोहोचले की देणारा मोकळा होतो. फिकहच्या ग्रंथांत 'नफका' नावाचे प्रकरण आहे. आई-वडील गरजू असतील तर त्यांच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याचा भार समर्थ मुलावर टाकला गेला आहे, आणि त्याची चर्चा तेथे जवळजवळ कर्जाच्याच भाषेत होते. पण फिकहने आखलेली ती रेषा खालची आहे. तिच्याखाली गेलो तर काजी आपल्याला जाब विचारू शकतो. तिच्यावर काय आहे, हे दिव्य कुरआन सांगतो.

सूरह लुकमानच्या चौदाव्या व पंधराव्या आयती काढून पाहा. प्रथम अल्लाह माणसाला आई-वडिलांविषयी ताकीद देतो, आईने सोसलेल्या दुबळेपणावरच्या दुबळेपणाची आठवण करून देतो आणि आपल्या कृतज्ञतेबरोबर आई-वडिलांची कृतज्ञता मानण्यास सांगतो. मग सर्वांत कठीण प्रसंग पुढे येतो. आई-वडीलच जर मुलाला अल्लाहबरोबर कोणाला भागीदार ठरवण्यास भाग पाडू लागले, तर? आदेश स्पष्ट आहे की त्यांचे ऐकू नये. तफसीरकार ही आयत हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या प्रसंगाशी जोडतात. त्यांच्या आईने, मुलगा इस्लाम सोडत नाही तोवर अन्नपाणी घेणार नाही, अशी शपथ घेतली होती. याहून मोठा दुरावा आई व मुलामध्ये काय असू शकेल?

आपण असे समजू की येथे संबंध संपला. परंतु आयत तेथे थांबत नाही. त्याच वाक्यात पुढे सांगितले आहे की या जगात मात्र त्यांच्याबरोबर भल्या रीतीने राहावे. येथे कुरआनने जो शब्द योजला आहे तो 'साहिब्हुमा' असा आहे. त्यांची सेवा करा किंवा त्यांच्यावर खर्च करा, असा हा शब्द नाही. त्यांचे साहिब व्हा, सोबती व्हा, असा त्याचा अर्थ आहे.

मराठीचा विद्यार्थी म्हणून मला या ठिकाणी विशेष आनंद होतो. आपण रोज बोलतो तो 'सोबत' हा शब्द याच धातूतून निघालेल्या अरबी 'सुहबत'चे मराठी रूप आहे. फारसीच्या वाटेने तो आपल्या भाषेत आला आणि इतका मुरला की शेतावर जाणारी म्हातारीही "सोबतीला कोणी आहे का गं" असे सहज विचारते. 'साहिब', 'मुसाहिब' आणि 'सहाबा' हे सारे त्याच कुळातले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याभोवती जी माणसे जमली त्यांच्यात विद्यार्थी होते, सेवक होते, सैनिक होते, पण उम्मतने त्यांना यांपैकी कोणतेही नाव दिले नाही. त्यांना सहाबा म्हटले, म्हणजे सोबती. या उम्मतमधील सर्वांत मोठा मान सोबतीवरून ठरला आहे.

आता आयतीची मांडणी लक्षात घ्या. आज्ञापालन एका ठिकाणी थांबते. खर्चाची गरज प्रत्येक आई-वडिलांना असतेच असे नाही. कित्येक वडील मुलापेक्षा सुखवस्तू असतात. मतांचा तर प्रश्नच मिटला आहे, कारण येथे खुद्द ईमानवरच मतभेद आहे. हे सारे बाजूला काढल्यावरही जे शिल्लक ठेवले आहे, ते सोबत. याचा अर्थ असा की सोबत ही आज्ञापालनाची शोभा वाढवणारी वरची फुलवेल नाही. ती तळाशी आहे. ज्या मुलाचे वडिलांशी पटत नाही, त्याच्यावरही ती आहे, आणि ज्याचे पटते पण बोलणे होत नाही, त्याच्यावर तर निश्चितच आहे.

हदीसकडे वळलात तरी हाच शब्द भेटेल. बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आलेली ती प्रसिद्ध हदीस आपल्याला पाठ असते. एका माणसाने विचारले की लोकांमध्ये माझ्या चांगल्या वागणुकीला सर्वाधिक पात्र कोण? प्रेषितांनी (स.) तीन वेळा आईचे नाव घेतले व चौथ्यांदा वडिलांचे. आपण भाषांतरात 'वागणूक' म्हणतो. मूळ अरबीत विचारणाऱ्याने 'सुहबत' असाच शब्द वापरला आहे. माझ्या सोबतीला सर्वाधिक पात्र कोण, हा त्याचा प्रश्न होता. दुसरी एक हदीस अबू दाऊदमध्ये आहे. एक माणूस हिजरतची बैअत करण्यास आला आणि आई-वडिलांना रडत ठेवून आलो, असे त्याने सांगितले. त्याला परत पाठवण्यात आले व आदेश मिळाला की त्यांना जसे रडवलेस तसे आता हसव. मला हा आदेश फार विलक्षण वाटतो. माफी माग, सेवा कर, असेही सांगता आले असते. पण सांगितले ते हसवायला. पैसे पाठवून कोणाला हसवता येत नाही. त्यासाठी समोर बसावे लागते.

येथे विचारी वाचक एक शंका घेईल. सोबत म्हणजे मनाची ओढ, आणि मनाची ओढ हुकुमाने कशी उत्पन्न होणार? शंका योग्य आहे. अल्लाह कोणत्याही जीवावर त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही, हे कुरआननेच सांगितले आहे. परंतु सोबतीचे दोन भाग असतात. एक भाग आपल्या हाती आहे: जाणे, बसणे, थांबणे, ऐकणे, फोन खिशात ठेवणे. दुसरा भाग, म्हणजे त्या बसण्यातून उमलणारी माया, आपल्या हाती नाही. नमाजचेही तसेच आहे. उभे राहणे आपल्यावर फर्ज आहे. खुशूअ लाभणे ही देणगी आहे. म्हणून कोणी नमाजला उभे राहण्याआधी खुशूअची वाट पाहत बसत नाही. "आमच्यात बोलणेच नसते, मग जाऊन काय करू?" असे म्हणणारा मुलगा मात्र नेमके तेच करत असतो.

तथापि त्या तरुणाच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याने दुसऱ्या दिवशी बोलून दाखवली. "अब्बा होते कुठे मौलाना?" एवढेच तो म्हणाला. त्याचे वडील १९८७ ते २०१५ कुवेतमध्ये होते. अठ्ठावीस वर्षे. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. हिशेब करा: चौदा रजा, अठ्ठावीस महिने. युद्धामुळे घरी काढावे लागलेले एखादे वर्ष त्यात धरले, तरी साडेतीन वर्षेही भरत नाहीत. मुलाच्या लहानपणी अब्बा म्हणजे विमानतळावरून येणारी एक मोठी पेटी, नवीन कपड्यांचा वास आणि दोन महिन्यांनी पुन्हा रडणारी अम्मी. आता वडील कायमचे घरी आले, तर मुलगा मुंबईला. ज्याने आपल्याला सोबत दिली नाही, त्याला ती देणे आपल्यावर का असावे?

हे दुखणे कोकणातल्या घराघरांत आहे, म्हणून त्याची टवाळी होता कामा नये. त्या मुलाला कृतघ्न म्हणून गप्प बसवणे सोपे आहे. "त्यांनी तुमच्यासाठीच केले" हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण बापाने पोटासाठी काय सोसले हे मुलाला ठाऊक असतेच. त्याचे म्हणणे वेगळे असते. त्याला बाप ओळखता आलेला नसतो.

मी त्याला हजरत इब्राहीम (अ.) व हजरत इस्माईल (अ.) यांची हकीकत आठवण्यास सांगितले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितलेली व बुखारीत नोंदलेली ती दीर्घ हकीकत तुम्ही एकदा सबंध वाचावी. तान्ह्या इस्माईलला व बीबी हाजरा यांना अल्लाहच्या आदेशाने त्या ओसाड दरीत सोडून इब्राहीम (अ.) परतले. मुलगा वाढला, तरुण झाला, जुरहुम कबिल्यात त्याचे लग्न झाले. मग वृद्ध पिता शामहून इतके अंतर तोडून मुलाला भेटायला येतो, आणि मुलगा घरी नाही. शिकारीला, रोजीच्या शोधात बाहेर गेला आहे. सुनेशी बोलून, निरोप ठेवून पिता परत जातो. पुन्हा कित्येक दिवसांनी येतो. मुलगा पुन्हा घरी नाही. पुन्हा निरोप ठेवून परत. आपण या कथेतून दाराच्या उंबरठ्याचा संकेत आणि सुनांच्या स्वभावाचा बोध तेवढा उचलतो. पण दोनदा रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या त्या बापाकडे आपण थांबून पाहतो काय?

तिसऱ्या वेळी इस्माईल (अ.) जमजमजवळ एका झाडाखाली बाण तासत बसलेले सापडतात. बापाला पाहताच उठतात, आणि बाप मुलाशी व मुलगा बापाशी जसा भेटतो तसे दोघे भेटतात. हे झाल्यानंतर इब्राहीम (अ.) सांगतात की अल्लाहने मला एक आदेश दिला आहे, तू मला मदत करशील काय? मुलगा होकार देतो. मग मुलगा दगड आणून देतो व बाप रचतो, आणि काबागृहाच्या भिंती उभ्या राहतात. आज साऱ्या जगाचा किब्ला असलेली वास्तू अशा बापलेकांनी उभारली, जे आयुष्याचा बराच काळ एकमेकांपासून दूर होते. दूर राहण्याचे कारण अल्लाहचा आदेश होता, आपल्याकडे ते पोट असते. हा भेद मला मान्य आहे. पण एक क्रम दोन्हीकडे सारखाच लागू व्हावा असे मला वाटते: आधी भेट झाली, मग काम निघाले. आपल्या घरांत वडील मुलाला हाक मारतात ती बहुधा कामासाठी, आणि मुलगा वडिलांजवळ येतो तोही कामासाठीच.

तो तरुण गेला. जानेवारीच्या थंडीत दोघे बापलेक गुहागरला दोन रात्री राहिले. चिपळूणहून फार तर ४५ किलोमीटर. पण त्या वडिलांनी सारी हयात खाडीकाठी काढून गुहागरची पुळण कधी धड पाहिली नव्हती. नारळी-पोफळीच्या वाडीतले एक घरगुती निवासस्थान, जेवायला भाकरी, मासळी आणि सोलकढी. पहिला दिवस, मुलाच्या शब्दांत सांगायचे तर, 'सरकता सरकेना'. दोघे किनाऱ्यावर चालले, परत आले, आपापल्या फोनमध्ये पाहत बसले. वडिलांनी गाडीच्या टायरची चौकशी केली. चहाचे पैसे मुलाने द्यायच्या आत त्यांनीच दिले, आणि मुलाला ते खटकले. मला मात्र ते आवडले. सेवेत बाप केवळ घेणारा असतो. सोबतीत त्यालाही खिशात हात घालता येतो.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर दोघे सुरूच्या झाडांखाली जाऊन बसले. ओहोटी होती. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग वडील म्हणाले, "कुवेतला सूर्य समुद्रातून वर येतो. इकडे पाठीमागून."

एवढ्या एका वाक्यावरून पुढचे दोन तास निघाले. मुलाला आजवर एकच वाक्य ठाऊक होते: 'युद्धात सगळे गेले.' आता त्याने ऐकले की २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा शिरल्या तेव्हा अब्बा ज्या गॅरेजात कामाला होते, तेथे दुरुस्तीला आलेल्या गाड्या तशाच उभ्या राहिल्या. साठवलेल्या दिनारांची किंमत कागदाएवढी झाली. बसरा व बगदादच्या वाटेने, मिळेल त्या वाहनाने ते जॉर्डनच्या हद्दीकडे निघाले, वाळवंटात तंबूत राहिले, आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आले. त्या काळात दीड लाखाहून अधिक भारतीय अशा रीतीने परत आणले गेले. तंबूत पाण्याची फार ओढ होती. राजापूरकडचा एक सोबती आपल्या वाट्याच्या पाण्यातले निम्मे यांना देई, कारण यांना ताप होता. इकडे गावात याच दिवसांत हा मुलगा जन्मला. पत्र नाही, तार नाही; बाप जिवंत आहे की नाही हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. अब्बा एसटीने गावी पोहोचले तेव्हा मूल वीस दिवसांचे होते.

मुलाने विचारले, "माझ्या कानात अजान कोणी दिली?"

"दादांनी दिली होती," वडील म्हणाले. "मी आल्यावर पुन्हा दिली. रात्री, सगळे झोपल्यावर."

फिकहच्या दृष्टीने दुसऱ्यांदा अजान देण्याची काही आवश्यकता नव्हती. नंतर त्या वडिलांनीच मला हे हसत सांगितले, तेव्हा मी त्यांच्याशी तो मसला काढला नाही.

समुद्रच का, असे कोणी विचारील. खाडीचा काठ, डोंगर, शेताचा बांध यांपैकी काहीही चालेल. पण समुद्रापुढे बसलेली दोन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत. दोघेही एकाच दिशेला पाहतात. आपल्याकडच्या बापलेकांना समोरासमोर बसून बोलणे जड जाते. नजर भिडली की एक जाब विचारणारा होतो आणि दुसरा जाब देणारा. खांद्याला खांदा लावून मात्र ते आयुष्यभर उभे राहिलेले असतात, नमाजच्या सफमध्ये. त्या अर्थी पुळणीवर बसणे त्यांना परके नाही. शिवाय लाटांच्या आवाजात शांतता बोचत नाही.

आणि आईला घरी ठेवून का? हा प्रश्न मला भगिनींकडून येणार हे ठाऊक आहे, कारण आईचा हक्क तिप्पट आहे हे मी वर लिहून बसलो आहे. आईला अवश्य न्यावे, आधी न्यावे, पुन्हा न्यावे. परंतु आपल्या घरांत आई ही बापलेकांमधली दुभाषी असते. "अब्बांना सांग", "त्याला विचार" असे निरोप एकाच घरात, एकाच भिंतीपलीकडे तिच्यामार्फत फिरत असतात. ती सोबत असेल तर दोघे तिच्याशीच बोलतील. म्हणून एकदा तरी दोघांनीच जावे. आणि या प्रसंगात तर सुचवणारी स्वतः अम्मीच होती. माझ्या मते त्या घरात या विषयातले सर्वाधिक शहाणपण तिच्याकडेच होते.

वडीलधाऱ्या वाचकांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. सोबत दोघांची असते, त्यामुळे तिचा अर्धा भार तुमच्यावर आहे. लुकमान (अ.) यांनी मुलाला उपदेश केला म्हणून सबंध प्रवासभर उपदेश करण्याची सनद आपल्याला मिळाली, असे काही वडील समजतात. त्याच उपदेशात आवाज खाली ठेवावा, हेही सांगितलेले आहे. लुकमान मुलाला ज्या शब्दाने हाक मारतात तो 'बुनय्य' हा लाडका, लहान रूपातला शब्द आहे. 'माझ्या बाळा' असा. हाच शब्द इब्राहीम (अ.) यांनी कुरबानीचे स्वप्न सांगताना वापरला. तेथे अल्लाहचा आदेश असतानाही त्यांनी मुलाला, तुझा विचार काय, असे विचारले. आपण मुलाच्या नोकरीविषयी, त्याच्या मुलांच्या शाळेविषयी निर्णय सुनावतो. त्याचा विचार विचारतो काय?

तोच शब्द नूह (अ.) यांनीही उच्चारला, आणि तो समुद्रासारख्या पाण्यावर. सूरह हूदमधील तो प्रसंग आठवा. पर्वतासारख्या लाटांतून नौका चालली आहे, आणि दूर उभ्या असलेल्या, हट्टी, जाणत्या वयाच्या मुलाला बाप अजूनही 'माझ्या बाळा' म्हणून आपल्याबरोबर चढण्यास बोलावतो आहे. मुलगा डोंगराच्या आश्रयाची भाषा बोलतो. आणि मग कुरआन सांगतो की दोघांच्या मध्ये लाट आली. अल्लाहच्या नबीलाही मुलाचे मन वळवणे शक्य झाले नाही. बोलावणे मात्र त्यांनी शेवटच्या क्षणापर्यंत थांबवले नाही, मुलाशी आपण बोललोच नाही अशी वेळ त्यांनी आणली नाही.

ज्यांनी आपल्याला वडिलांचे हे स्थान शिकवले, त्या प्रेषितांना (स.) स्वतःला पित्याची सोबत एक क्षणही लाभली नव्हती. हजरत अब्दुल्लाह त्यांच्या जन्मापूर्वीच वारले. त्यांचे पुत्र इब्राहीम तर दोन वर्षांचे होण्याआधीच गेले. कोणा मोठ्या झालेल्या मुलाबरोबर चालणे त्यांच्या वाट्याला आले नाही. तिर्मिजीतील हदीसनुसार त्यांनी पित्याला जन्नतचा मधला दरवाजा म्हटले. हे ज्याच्या मुखातून निघाले त्याच्या मनात काय असेल, याचा विचार माझ्याच्याने होत नाही.

आता व्यवहाराचे थोडेसे. अशी सहल वाजिब नाही, सुन्नतही नाही. ती मुबाह आहे, आणि नीयतीने मुबाहचे सवाबात रूपांतर होते. आई-वडिलांच्या कटू बोलण्यावर 'उफ्'ही न म्हणण्याचा आदेश ज्या सूरह बनी इस्राईलमध्ये आहे, त्याच सूरहमध्ये काही आयतींनंतर उधळपट्टीची निंदा आहे. तेव्हा कर्ज काढून समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात जाण्याचे कारण नाही. पाण्यात उतरताना नाभीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकलेले असावे. पावसाळ्यात आमचा समुद्र कोणाचा नसतो, तेव्हा जाऊ नये. आमच्या या बापलेकांना अंतर कमी असल्याने कसर लागू नव्हती. पुण्या-कोल्हापूरहून येणाऱ्या हनफी वाचकांनी ७७-७८ किलोमीटरचा हिशेब धरावा आणि एकट्याने वा आपसात पढताना चारच्या दोन रकअत कराव्यात. कोलंबीच्या प्रश्नावर हनफी उलमांत मतभेद आहे. आम्ही कोकणातले बहुतेक शाफिई, आमच्या ताटात ती निर्धास्त येते. पाहुण्याला आग्रह करू नये. आणि फोटो काढून सर्वांना दाखवण्यासाठीच जायचे असेल, तर मग खरोखरच ते पैसे मदरशाला द्यावेत.

ज्यांचे वडील हयात नाहीत, त्यांनी हा लेख वाचून खिन्न होऊ नये. मुस्लिममधील हदीसनुसार हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना मक्केच्या वाटेवर एक खेडूत भेटला. त्यांनी आपले बसण्याचे गाढव त्याला दिले, डोक्यावरचा फेटाही उतरवून दिला. सोबत्यांना आश्चर्य वाटले. खेडुताला एवढ्याची अपेक्षा नव्हती. ते म्हणाले की याचा पिता माझ्या पित्याचा मित्र होता, आणि पित्याच्या मित्रांशी नाते राखणे ही पित्याशी केलेली फार मोठी भलाई असल्याचे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. हे वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. आपल्या वडिलांचा मित्र कोण, हे इब्ने उमर यांना ठाऊक होते. रस्त्यात भेटलेला माणूस त्यांनी ओळखला. आपल्यापैकी किती जणांना वडिलांचे मित्र नावाने सांगता येतील?

राजापूरकडच्या त्या सोबत्याचा पत्ता अब्बांच्या एका जुन्या डायरीत आहे. चौतीस वर्षांत दोघांची भेट नाही. मुलाने मुंबईहून फोन लावून पाहिला. नंबर बंद आहे. शाबानमध्ये तो दोन दिवसांची रजा घेऊन येणार आहे, आणि गाव गाठून चौकशी करायची असे बापलेकांचे ठरले आहे. जाताना आंब्याची रोपे न्यायची की मिठाई, यावर दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही.